आधीं तार, मग यंत्र

हौशी रेडिओच्या वर्गांत नांव घालण्यास येणारा विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतो : "सर, सेट कोणता घ्यावा?" त्याच्या पाठोपाठ त्याचे वडील विचारतात, "सर, खर्च किती येईल?" एरियल कोणती बांधावी, असें विचारीत आलेला विद्यार्थी किंवा पालक मला अद्याप भेटलेला नाहीं. सेट टेबलावर दिसतो. त्यावर दिवे लागतात, आंकडे पळतात, आणि घरीं आलेल्या पाहुण्यास तो दाखवितां येतो. एरियल, जिला हल्लीं सर्रास अँटेना म्हणतात ती, म्हणजे छपरावर ऊनपाऊस खात लोंबणारी एक तार. तिची कोणास काय मातब्बरी वाटणार? परंतु माझें मत याच्या अगदीं उलट आहे, आणि तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें स्पष्ट मांडावें म्हणूनच हा लेख लिहीत आहें. ज्याला या विद्येची खरी गोडी लावून घ्यावयाची आहे, त्यानें आपला पहिला रुपया, पहिले श्रम आणि पहिला विचार एरियलला द्यावा; यंत्राची पाळी मागाहून येते. आणि ती एरियल विकत न आणतां स्वतःच्या हातांनीं बांधावी.

प्रथम कारण पाहूं. सेट कितीहि भारी असला तरी त्याचें काम तारेच्या तोंडाशीं वीज आणून पोंचविण्यापुरतेंच आहे. त्या विजेच्या लहरी करून त्या आकाशास देणें, आणि दूरदेशाहून आलेली क्षीण लहर झेलून सेटच्या हवालीं करणें, हीं दोन्हीं कामें एकटी तारच करते. सेटची शक्ति वाढविली तर आपलें बोलणें तेवढें दूर जातें, ऐकणें सुधारत नाहीं. तार सुधारली तर बहुधा दोन्हीं सुधारतात. शिवाय शक्ति वाढवून मिळतें तें किती? रेडिओवाले येणाऱ्या लहरीचें बळ पायऱ्यांनीं मोजतात, आणि एक पायरी चढावयाची तर शक्ति चौपट करावी लागते. दहा वॅटचा सेट टाकून चाळीस वॅटचा घेतला, तर ऐकणाराच्या मीटरवरचा कांटा एक पायरी वर सरकतो, इतकेंच. वळचणीखालीं दडलेली तार मोकळ्या हवेंत उंच नेली तर पुष्कळदां तितकाच लाभ होतो, आणि खर्च होतो तो एका बांबूचा व दोरीचा.

या विद्येचा इतिहासहि हेंच सांगतो. हाइन्रिख हर्ट्झ यानें १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींतील कार्ल्सरूह येथें विद्युत्-लहरी प्रथम सिद्ध केल्या, तेव्हां ठिणगी पाडण्याचें वेटोळें, मध्यें फट ठेवलेल्या दोन दांड्या, आणि लहर पकडण्यास तारेचें एक कडें, एवढाच त्याचा पसारा होता. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स या मिशनरी कॉलेजांत फादर लाफों यांच्या हाताखालीं शिकलेले जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं त्याच शहरांत बिनतारी लहरींनीं घंटा वाजवून दाखविली, आणि आपल्या आंखूड लहरींसाठीं नरसाळ्याच्या आकाराचीं मुखें योजिलीं. १९०१ सालीं मार्कोनीनें अटलांटिक महासागरापलीकडे संदेश धाडण्याचा घाट घातला, तेव्हां दोन्हीं किनाऱ्यांवर उभारलेले त्याचे प्रचंड खांब वादळांनीं पाडले. तो खचला नाहीं. न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर १२ डिसेंबर रोजीं त्यानें पतंगाच्या साहाय्यानें सुमारें पांचशें फूट तार आकाशांत चढविली, आणि इंग्लंडहून येणारे तीन ठिपके आपण ऐकले असें जगास सांगितलें. त्या ऐकण्याविषयीं पुढें पुष्कळांनीं शंका घेतल्या. पण सर्व खांब पडल्यावर त्यास आठवण झाली ती अधिक शक्तीच्या यंत्राची नव्हे, तर उंच तारेची, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मला स्वतःला ग्रोट रेबर याची कथा अधिक प्रिय आहे. हा अमेरिकेंतील एक हौशी रेडिओवाला. आकाशांतूनहि रेडिओ-लहरी येतात, हा कार्ल जान्स्की याचा शोध वाचून त्यानें १९३७ सालीं शिकागोजवळील व्हीटन गांवीं आपल्या घराशेजारच्या आवारांत, पदरचे पैसे घालून, लांकडाचा सांगाडा व पत्रा यांची एकतीस फूट रुंदीची तबकडी उभारली. पहिल्या रिसीव्हरनें कांहीं ऐकूं आलें नाहीं. दुसऱ्यानेंहि नाहीं. तिसऱ्या वेळीं, लांब लहर घेतल्यावर, आकाशगंगा बोलली. पुढें कित्येक वर्षें सबंध जगांत या शास्त्राचा तोच एकटा उपासक होता. आज आपल्या पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रोफेसर गोविंद स्वरूप यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या पत्र्याच्या न करतां ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी तारेची जाळी बसवून केल्या. त्यामुळें वारा जाळींतून निघून जातो, वजन घटतें आणि खर्चहि घटतो. शाळेची सहल तिकडे गेली तर विद्यार्थ्यांनीं ही जाळी अवश्य न्याहाळावी.

आतां निवडीविषयीं. "सर्वांत उत्तम एरियल कोणती?" या प्रश्नास उत्तर नाहीं. "मला कोणाशीं बोलावयाचें आहे, आणि माझ्यापाशीं जागा किती आहे?" या प्रश्नास आहे. समजा, कोंकणांत सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या खेड्यांतून पुण्यास बोलावयाचें आहे. दोन मीटर लांबीची लहर जवळजवळ सरळ रेषेंत जाते. मध्यें डोंगर आला कीं ती बहुधा अडली. चाळीस मीटर लांबीच्या लहरीसाठीं तार पांच ते दहा मीटर उंचीवर आडवी बांधली, तर तिची बरीचशी शक्ति वर आकाशाकडे जाते, वातावरणाच्या विद्युन्मय थरावरून परत फिरते, आणि भोंवतालच्या शेंकडों किलोमीटर प्रदेशावर पावसासारखी उतरते. डोंगर तिला आड येत नाहीं. म्हणजे, उंच खांब परवडत नाहीं म्हणून जो विद्यार्थी खट्टू होतो, त्याची ठेंगणी तारच या कामास अधिक योग्य असते. परदेशाशीं बोलावयाचें तर मात्र लहर क्षितिजाकडे झुकली पाहिजे, आणि त्यासाठीं तार निदान अर्ध्या लहरीइतकी उंच हवी. चाळीस मीटरच्या लहरीस ती उंची वीस मीटर होते. वीस मीटरच्या लहरीस दहा मीटर पुरते. शहरांतल्या गच्चीवर एवढीहि तार पसरण्यास जागा नसेल, तर दोन मीटरच्या लहरीसाठीं अर्ध्या अर्ध्या मीटरच्या पांच कांड्या पुरतात : एक उभी, आणि चार तिच्या बुडाशीं खालीं उतरत्या. गांवांतल्या गांवांत बोलण्यास ती फार चांगली. पण तेथेंहि सावध असावें. बारीक केबल तीस मीटर लांब घेतली तर या लहरीची निम्म्याहून अधिक शक्ति केबलच खाऊन टाकते.

जाहिरातींत हातभर लांबीची व सर्व लहरींवर सारखीच चालणारी एरियल दिसते, तिच्यापासून दूर राहावें. निसर्गाचें माप फसवून कोणी श्रीमंत झालेला नाहीं. "मीटरवर परत येणारी शक्ति शून्य दिसते," असें विक्रेता अभिमानानें सांगतो. पण केबलच्या टोंकास योग्य मापाचा साधा रोधक जोडला तरी मीटर शून्यच दाखवितें, आणि आकाशांत कांहींच जात नाहीं. सारी शक्ति उष्णतेंत जिरते. परीक्षेंत गुण मिळाले म्हणजे विद्या आलीच असें नव्हे, हें जो जाणतो त्याला हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

बांधणी किती सोपी आहे तें पाहा. लहरीचा वेग सेकंदास तीस कोटी मीटर. ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास एकाहत्तर लक्ष आंदोलनें, यांनीं त्यास भागिलें कीं लहरीची लांबी सुमारें सव्वाबेचाळीस मीटर येते. तिची निम्मी एकवीस. प्रत्यक्ष तारेंत सुमारें पांच टक्के कमी धरून वीस मीटर. तिचे दहा दहा मीटरचे दोन बाहू, आणि मध्यें केबलचा जोड. सातवीच्या मुलीस हें गणित येतें. आमच्या नववीच्या मुलामुलींनीं घरांत वापरतात तीच तांब्याची वेष्टित तार घेतली, पी. व्ही. सी. नळीच्या तुकड्यांचे विरोधक केले, दोन बांबू जोडून नऊ मीटरचा खांब उभा केला, आणि मध्य वर व टोंकें खालीं अशी तार उलट्या व्हीसारखी ताणली. टोंकांशीं विजेचा दाब फार असतो म्हणून तीं कोणाच्याहि हातास लागणार नाहींत इतकीं वर ठेविलीं. मीं प्रत्येक बाहु पस्तीस सेंटिमीटर अधिक ठेवावयास सांगितलें होतें, कारण लांब तार कापतां येते, आंखूड तार वाढवितां येत नाहीं. मोजून पाहातां ती ६.८ मेगाहर्ट्झला बोलूं लागली. तारेवरील वेष्टनामुळें ती आपल्या लांबीहून अधिक लांब असल्यासारखी वागते. मग खालीं उतरवावी, दोन्हीं बाहू सारखे थोडे कापावे, पुन्हां चढवावी, असें पांच वेळां झालें. सुमारें पंचेचाळीस सेंटिमीटर दर बाहूस गेल्यावर ती जाग्यावर आली. त्या सायंकाळीं हैदराबादचा आवाज स्पष्ट आला, तेव्हां मुलांच्या चेहऱ्यांवर जें मीं पाहिलें, तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका बोर्डिंगचा व्यवस्थापक होतों. तेथील एका मुलानें ऐन परीक्षेच्या महिन्यांत पडवीपासून आंब्यापर्यंत एक तार बांधली. मीं कांहींएक न विचारतां त्यास ती उतरविण्यास सांगितलें, आणि अभ्यासावर चार शब्दहि ऐकविले. त्यानें तार नीट गुंडाळून माझ्या हातीं दिली. तिला एक चिठ्ठी बांधलेली होती. ती मीं वाचली नाहीं. पुढें मी स्वतः परवान्याच्या परीक्षेस बसलों, तेव्हां जुन्या पेटींत तें वेटोळें सांपडलें. चिठ्ठीवर लांबीचें गणित होतें, आणि तें बरोबर होतें. पांच टक्के वजा करावयासहि तो विसरला नव्हता. तो मुलगा आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. परंतु त्या दिवसापासून कोणी विद्यार्थी तार घेऊन आला कीं मी प्रथम त्याचें गणित पाहतों.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं दूरदर्शनची एरियल फिरविण्यास छपरावर चढून "दिसतंय का?" म्हणून खालीं हांका मारल्या असतील. ती एरियल म्हणजे उदा व यागी या जपानी संशोधकांनीं १९२६ सालीं जगापुढें मांडलेल्या रचनेचीच लेक होती. आज मोबाइलच्या पोटांतहि एरियल आहे. पण ती मुलांच्या दृष्टीस पडत नाहीं आणि हातासहि लागत नाहीं. "मोबाइल असतां ही खटपट कशाला?" असें आपण विचाराल. मोबाइल मनोऱ्यावर जगतो आणि मनोरा विजेवर. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली, तेव्हां भारती प्रसाद व त्यांचे हौशी रेडिओचे सहकारी आपल्या छंदासाठीं पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. नेहमींचीं साधनें बंद पडलीं असतां अंदमानांतून निरोप बाहेर पोंचविण्याचें काम त्यांच्या यंत्रांनीं व तारांनीं केलें.

धोक्याची भीति मात्र खरी आहे, आणि तिच्याविषयीं मी कठोर आहें. विजेच्या तारांच्या आसपास एरियल बांधूं नये. त्यांवरून दोर कधींहि फेंकूं नये. एकट्यानें चढूं नये. वळवाचे ढग दिसूं लागले कीं केबल सेटपासून सोडवून घराबाहेर ठेवावी. बोलण्यासाठीं सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत साध्या शॉर्टवेव्ह रेडिओस तार जोडून ऐकावें. ऐकणें हीहि मोठी विद्या आहे.

दिवा कोठें ठेवावा, याचा प्रभु येशूनें दिलेला दृष्टान्त आमच्या मुलांस ठाऊक आहे. त्यांत दिव्याच्या किंमतीविषयीं एक अक्षरहि नाहीं. आहे तें जागेविषयीं. पालकहो, मुलांना महागाचा सेट आज घेऊन देऊं नका. वीस मीटर तार, एक बांबू, गच्चीचा एक कोपरा, आणि शनिवारची एक दुपार द्या. पहिल्या खेपेस ती बोलणार नाहीं. त्या वेळीं त्यांस रागें भरूं नका, फक्त विचारा, "किती कापावी लागेल?"