गड, मठ आणि पायाखालचा दगड

(बी. ए. द्वितीय वर्ष)

महाराष्ट्रात इतरत्र 'गड' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि दरवाजे उभे राहतात. आपल्या बीड जिल्ह्यात तसे होत नाही. धारूरला किल्ला आहे, पण त्याला आपण किल्लाच म्हणतो. आपला गड म्हणजे नारायणगड, गहिनीनाथगड आणि जिल्ह्याची शीव ओलांडताच पाथर्डी तालुक्यातला भगवानगड. येथे तोफेच्या जागी वीणा आहे आणि शिबंदीच्या जागी वारकरी. उंच माळ आणि त्यावर मठ, एवढाच आपला गड.

या गडांविषयी, तेथील सत्पुरुषांविषयी, सप्ताहांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु गडाखालच्या डोंगराविषयी कोणी बोलत नाही. हजारो माणसे ज्यावर अनवाणी चढतात तो दगड कसला आहे, त्यावर पडलेले पाणी कोठे जाते, हे ना कीर्तनात येते, ना घरात, आणि स्पष्ट बोलायचे तर आपल्या भूगोलाच्या तासालाही येत नाही. आल्प्स आणि अँडीज कसे झाले हे मी परीक्षेत दोनदा लिहिले. बालाघाट कसा झाला हे मला कोणी विचारलेले नाही. प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये.

आल्प्स हा घडीचा पर्वत. जमिनीला वळ्या पडल्या आणि तो वर आला. बालाघाटाचे तसे नाही. तो उभा राहिलेला डोंगर नव्हे, तो उरलेला डोंगर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे होत आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पसरलेला आहे. मग नद्या कामाला लागल्या. गोदावरीने आणि तिच्या उपनद्यांनी उत्तरेकडचा भाग झिजवून खाली नेला, ती आपली गंगथडी. जो भाग कापला गेला नाही तो घाटमाथा. म्हणून घाट चढून वर गेल्यावर शिखर लागत नाही, माळच लागतो. सावरगाव घाटासारखी आपल्या गावांची नावेच या कड्याची साक्ष देतात.

हे थर पाहायला प्रयोगशाळा नको. मांजरसुंब्याच्या घाटात महामार्गासाठी डोंगर फोडला आहे, तेथे एस.टी.च्या खिडकीतूनही ते दिसतात. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि काळा असतो. वरच्या भागात निवताना वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो भोकाभोकांचा, ठिसूळ होतो. त्या भोकांत पुढे पांढरी स्फटिके भरली, ती जिओलाइटची. गुरे राखणारी पोरे ती वेचतात आणि खिशात ठेवतात. दोन थर येण्यात मोठा काळ गेला असेल तर मध्ये तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. म्हणजे एक जमीन तयार झाली, उन्हापावसात पिकली, आणि तिच्यावर पुन्हा आग पसरली.

घट्ट आणि ठिसूळ अशा या जोडीतच आपल्या डोंगराचे सारे मर्म आहे. कपिलधारला जाऊन पाहा. मांजरसुंब्याजवळच्या त्या दरीत मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते, आणि क्षेत्राच्या नावातच धार आहे. कड्यावरून पाणी पडते ते असे: वरचा दगड कठीण म्हणून टिकतो, खालचा ठिसूळ म्हणून झिजतो, आणि वरचा भाग ओठासारखा पुढे राहतो. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी रामेश्वराच्या मंदिराजवळ अशीच खोल उडी घेते. आपल्याकडची मठमंदिरे पाहिली तर ती दोनच ठिकाणी दिसतात, एक तर माथ्यावरच्या उघड्या माळावर किंवा कड्याखालच्या पाण्याजवळ. माळावर पीक येत नाही, म्हणून त्या जागेसाठी कोणी भांडले नसावे. आणि कड्याखाली पाणी आहे, म्हणून साधकाला तेथे राहता आले. सत्पुरुषांना दृष्टान्त झाले असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना जागेची पारखही होती असे माझे मत आहे.

आता पाण्याकडे वळू. पाटोद्याच्या माळावर पडणाऱ्या पावसाचे नशीब पाहण्यासारखे आहे. एका उताराचे पाणी सिंदफणेला मिळून थेट गोदावरीत जाते. दुसऱ्या उताराचे मांजरेला मिळते. मांजरा याच तालुक्यात उगम पावते आणि कर्नाटक, तेलंगण असा ७०० किलोमीटरहून अधिक वळसा घालून शेवटी गोदावरीलाच भेटते. तिसऱ्या उताराचे पाणी विंचरणेतून सीनेत, सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. दोन मोठ्या नद्यांचा दुभाजक आपल्या गुरांच्या पायाखाली आहे. इतक्या नद्यांचे माहेर, आणि माहेरालाच पाणी नाही! २०१६ साली मांजरा धरण आटले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, याची बातमी देशभर झाली. ती नदी जेथे जन्मते तेथली गावे त्याच उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावत होती, त्यांची बातमी तालुक्याबाहेर गेली नाही.

पाणी का टिकत नाही, तर त्याचे उत्तर त्याच दगडात आहे. घट्ट बेसाल्टला स्वतःची छिद्रे नसतात. पाणी मुरते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि त्या ठिसूळ थरात. हा मुरणारा भाग बहुतेक ठिकाणी वरच्या पन्नास-साठ फुटांतच असतो. त्याखाली नशिबाने एखादी भेग लागली तर लागली. तरीही आपल्या गावांत पाचशे, सातशे फूट बोअर घेतले जातात. गाडी रात्री येते, सकाळपर्यंत सगळे शिवार पांढऱ्या धुळीने भरते, आणि हातात कर्ज राहते. पाणी लागलेच तर ते बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचे असते. खाली साठाच नाही तेथे खोल जाऊन काय मिळणार?

हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेपुरता नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे आईवडील घाटमाथ्यावरचे, दोघांचा मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडण्यासाठी ट्रक भरतात आणि घाटावरची निम्मी गावे रिकामी होतात. मागे म्हातारी माणसे, शेळ्या आणि शाळेत नाव असलेली काही पोरे राहतात. आपल्या लोकांना विचारा, ते म्हणतील नशीब. शहाण्या माणसाला विचारा, तो म्हणेल खडकाळ जमीन, सह्याद्रीच्या आडोशाचा कमी पाऊस, वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटर, त्याला इलाज नाही. मला ही दोन उत्तरे एकच वाटतात. एकात देव आहे आणि दुसऱ्यात भूगोल आहे, एवढाच फरक.

कारण अहिल्यानगरजवळचे हिवरे बाजार याच काळ्या दगडावर वसलेले आहे, आणि तेथला पाऊस आपल्यापेक्षाही कमी. १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात त्या गावाने डोंगरउतारावर चर खोदले, झाडे राखली आणि शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस लावायचा नाही, असे नियम केले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. त्यांनी दगड बदलला नाही. वरच्या पन्नास फुटांत जे मुरते तेच आपले, हे त्यांनी मान्य केले आणि त्याप्रमाणे पिके घेतली. आपल्याकडे उलट चालले आहे. ज्या उतारावर पाणी मुरावे तो उतार खडी केंद्राला जातो, आणि माथ्यावर पवनचक्क्या फिरतात. वाऱ्याला भाव आला, दगडाला भाव आला. माणूस तेवढा उचल घेऊन फडात जातो.

येथे मला गडांची आठवण होते. भगवानबाबा (१८९६–१९६५) हे सावरगाव घाटचे. नारायणगडाच्या परंपरेत ते घडले आणि पुढे त्यांनी धौम्यगडावर नवा गड उभा केला. मुलांना शाळेत घाला, हे त्यांनी कीर्तनातून अडाणी माणसांना सांगितले, आणि माणसांनी ते ऐकले. सरकारी परिपत्रक कोणी ऐकले नसते. घाटावरच्या घरांत अक्षर शिरले त्यात या सांगण्याचा वाटा आहे, हे जुनी माणसे आजही सांगतात. ज्या व्यासपीठावरून शाळेचे बोलता आले, तेथून उताराचे, बोअरचे आणि खडी केंद्राचे का बोलता येऊ नये? गडाच्या आवारात नवा सभामंडप होतो, सिमेंटचा रस्ता होतो. त्यांच्यावरून वाहणारे पाणी कोठे जाते एवढे पाहणे विश्वस्त मंडळींना अवघड नाही.

आणखी एक बोलतो म्हटले तर जड जाते, पण बोलते. अलीकडे कोण कोणत्या गडाला जातो यावरून आपल्या जिल्ह्यात माणसाची जात ओळखली जाऊ लागली आहे. दसऱ्याचे मेळावे वेगळे, झेंडे वेगळे, आणि २०२४ सालच्या निवडणुकीनंतर वर्गातले बाकसुद्धा वेगळे झाले. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड, कपिलधार, कोठेही पहार मारून पाहा, तोच काळा बेसाल्ट ठणकन वाजेल. एका शिवारातले बोअर दुसऱ्या शिवारातले पाणी ओढते तेव्हा ते जात विचारत नाही. ट्रकमध्ये बसणारेही सगळ्याच गडांचे भक्त असतात.

आता आपल्या महाविद्यालयापुरते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात होते; आपण रस्ते झाडतो, भिंतींवर घोषणा रंगवतो, शेवटच्या दिवशी पाहुणे येतात. यंदाचे शिबिर घाटमाथ्यावर घ्यावे. झाडू राहू द्यावेत, पण दोऱ्या आणि टेपही न्यावेत. गावातल्या प्रत्येक विहिरीची खोली, तिच्यात दिसणारे थर आणि पाण्याची पातळी लिहून काढावी; दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा. बोअर किती, किती फूट, किती कोरडे, हेही विचारावे. भूगोल विभागाच्या कपाटात होकायंत्रे आहेत, ती पूजेसाठी नसावीत. विहिरी मोजायला कोणाची परवानगी लागत असेल तर सरपंचाची मी आणते. होळीनंतर मोजायला मात्र गावातलेच कोणी हवे, आणि तेव्हा गावात माणूस नसतो; म्हणून ते काम शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना शिकवून यावे लागेल. दोरीला गाठी मारून खोली मोजणे त्यांना एका दुपारी येईल.