रक्त निघाले नाही, म्हणून काय झाले?

पेठेत दोन असामींची बाचाबाची होऊन एकाने दुसऱ्यावर काठी उगारली, चार माणसे मध्ये पडली आणि काठी उगारलेलीच राहिली, म्हणजे पुढे काय होते हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्याच्यावर काठी उगारली तो फिर्याद देण्यास निघाला, की शेजारीपाजारी त्यास पुसतात, ‘लागले कुठे?’ अंगावर वळ नाही, रक्त नाही, मग गुन्हा तो कसला, असा या प्रश्नाचा मथितार्थ. ही समजूत साफ खोटी असून आजवर ती धटिंगणांच्याच पथ्यावर पडत आली आहे.

१८६० च्या दंडविधानाच्या ३५१ व्या कलमात हमल्याची जी व्याख्या होती, तीच १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३० व्या कलमात आहे. समोरच्यास ‘आता हा मजवर हात टाकणार’ अशी धास्ती वाटावी या हेतूने, किंवा ती वाटेल हे जाणून, केलेला हावभाव अथवा तयारी म्हणजे हमला. मूठ वळून दाखविणे, चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडू लागणे, ही कायद्यानेच दिलेली उदाहरणे होत. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे; परंतु हाती काठी घेऊन ‘तुला झोडपतो’ म्हटले, की शब्दांनी त्या काठीचा अर्थ पुरा होतो. उलटही घडते. १६६९ सालच्या एका इंग्रजी खटल्यात एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवून, न्यायाधीश गावात नसते तर तुझे बोलणे ऐकून घेतले नसते, असे बजावले. न्यायाधीश गावात होतेच, सबब तो हमला ठरला नाही!

प्रत्यक्ष अंगाला हात लावला, तर गोष्ट हमल्याच्या पुढे जाते. गचांडी धरणे, ढकलणे, इतकेच नव्हे तर इजा, भीती किंवा त्रास देण्याच्या हेतूने डोक्यावरचे पागोटे उडविणे, हाही गुन्हेगारी बलप्रयोगच. कारण अंगावरील वस्त्राला झालेला स्पर्श कायदा अंगालाच झाला असे मानतो. थप्पड तर त्याहून पुढची. तिने वेदना होते, आणि वेदना झाली की दुखापत झाली. जखम दाखविण्याची गरज नाही.

मग कायद्यात उणे काय? उणे आहे ते शिक्षेत. हमल्यास किंवा बलप्रयोगास तीन महिने कैद अथवा ५०० रुपये दंड ही १८६० ची मर्यादा होती. त्या काळी ही रक्कम भारी होती. नव्या संहितेने साध्या दुखापतीचा दंड १,००० वरून १०,००० रुपयांवर नेला. हमल्याचा मात्र केवळ १,००० वर आणून ठेवला. म्हणजे कायदे करणाऱ्यांनीही ‘लागले कुठे?’ हाच प्रश्न विचारला, असे म्हणणे भाग आहे. शिवाय गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाविना पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. सरकारी नोकरास कामापासून परावृत्त करण्यासाठी तोच हात उगारला, तर मात्र दोन वर्षांपर्यंत कैद, आणि पोलीस वॉरंटावाचून धरू शकतात. कचेरीतील कारकुनाच्या अंगाचे मोल हमालाच्या अंगाहून इतके जास्त का, हे आम्हांस कोणी सांगावे.

आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. दुकानातील पोऱ्यावर वजनमाप उगारणारे, उधारी थकली म्हणून गिऱ्हाइकाची कॉलर धरणारे सज्जन आमच्याच पेठेत आहेत. ‘त्यानेच राग आणला’ हा त्यांचा ठरलेला बचाव. राग गंभीर आणि अकस्मात आणला गेला असेल तर कैदेची मर्यादा एक महिन्यावर येते, हे खरे. पण अपराध पुसला जात नाही, आणि थकलेली उधारी हे अकस्मात घडणारे प्रकरण नव्हे.

पोऱ्यानेही एवढे जाणावे की, पोलीस ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंद करून परत पाठविले तरी वाट संपत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे स्वतः फिर्याद देता येते, आणि तिची मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे.