नवे ब्रेक आणि माहूरचा उतार

महागांवाहून माहूरास रेणुकादेवीच्या दर्शनाला जाणें हा आमच्या घरचा वार्षिक परिपाठ आहे. यंदा निघण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्हीं गाडीच्या पुढील चाकांचे ब्रेक-पॅड बदलून घेतले. गाडी परत देतांना मिस्त्रीनें "दोन दिवस जरा सांभाळून चालवा" एवढें बजावलें होतें. तें आम्हीं दुकानदारी निरोपांत जमा केलें. दुसऱ्या दिवशीं गड उतरतांना गाडींत सात माणसें, काकूंच्या मांडीवर तांबुलाचा प्रसाद, आणि चालवावयास आमचे धाकटे बंधु. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर जळका वास सुटला. पाय पुरता दाबूनही गाडी हवी तशी आवरेना. बंधूंनीं प्रसंगावधान राखून गिअर खालचा टाकला, मग पहिला, आणि डोंगराच्या बाजूस घेऊन गाडी कशीबशी थांबविली.

"कां रे, थांबलास कां? वर कांहीं राहिलें कां?" काकूंनीं विचारलें. कोणींच उत्तर दिलें नाहीं.

दोष पॅडचा नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. नवा पॅड कितीही चांगला असला तरी बसविल्या दिवशीं तो अर्धाच ब्रेक असतो. त्याचा पृष्ठभाग डिस्कशीं सर्वांगानें टेकलेला नसतो; शिवाय त्यांतील घटक बांधून ठेवणारी राळ पहिल्यानें कडक तापली कीं तिच्यांतून वायु सुटतो, आणि त्याचा पातळ थर मध्यें येऊन पकड कमी होते. हळूहळू तापवीत गेल्यास ही राळ निवळते व पॅडच्या द्रव्याचा एक सूक्ष्म, सारखा लेप डिस्कवर चढतो. खरी पकड ह्या लेपामुळें येते. आम्हीं लेप चढण्यापूर्वींच सात माणसांचें ओझें उतारावर घातलें होतें.

निवडीच्या वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. घासून जाण्याचीच वस्तु, तेव्हां स्वस्त घ्या, असें एक म्हणतो. दुसऱ्यास महाग तेंच चांगलें वाटतें. आमच्या मतें गाडीचा नमुना व बनावटीचें वर्ष सांगून, मूळच्याच मापाचे व मूळच्याच जातीचे पॅड सीलबंद डबींतून घ्यावेत. धातूची भुकटी अधिक असलेले पॅड उष्णता सोसतात, पण आवाज करतात व डिस्क झिजवितात. मऊ जातीचे शांत खरे, पण लवकर संपतात. सिरॅमिकची धूळ कमी आणि किंमत जास्त. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड हौसेनेंही घेऊं नयेत. तापल्यावांचून ते नीट धरतच नाहींत. एका बाजूचे झिजले तरी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहींतर ब्रेक लावतांना गाडी एकीकडे ओढते. पॅडचा थर ३ मिलिमीटरांवर आला कीं वाट पाहूं नये. जुन्या डिस्कला खोल चरे पडले असतील तर आधीं तिचा विचार करावा, कारण चऱ्यांच्या कडांवरच टेकणारा पॅड कधींच नीट बसत नाहीं.

(ह्या वस्तूचा जन्मही उतारावरचाच. इंग्लंडांतील हर्बर्ट फ्रूड ह्या गृहस्थानें गाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्यास जुना बूट लावतात हें पाहिलें व त्यावरून त्यास घर्षणद्रव्याची कल्पना सुचली, असें सांगतात. त्यानें १८९७ सालीं काढलेल्या कारखान्याचें फेरोडो हें नांव पुढें जगभर झालें.)

घरीं आल्यावर दुसऱ्या पहाटें बंधु एकटेच गाडी घेऊन उमरखेडच्या रस्त्यास गेले. मागेंपुढें वाहन नाहीं असें पाहून ताशीं ६० किलोमीटरांवरून २० पर्यंत, मध्यम दाबानें, गाडी पुरती उभी न करतां, वेग उतरवावयाचा; मग थोडें अंतर तसेंच जाऊन ब्रेक निवूं द्यावयाचा. असें आठ-दहा वेळां. शेवटीं कांहीं किलोमीटर ब्रेकला शक्यतों हात न लावतां, अर्थात् पाय न लावतां, चालवावयाचें. पॅड तापलेले असतांना गाडी उभी करून पाय दाबून ठेवूं नये. लेपाचा ठसा एकाच जागीं उमटतो आणि मग ब्रेक लावतांना थरथर जाणवते. पुढील दोन-तीनशें किलोमीटर निकडीवांचून जोराचा ब्रेक टाळावा. गाडीच्या पुस्तिकेंत निराळें सांगितलें असल्यास तेंच मानावें.

आणखी एक गोष्ट मिस्त्री बहुधा स्वतः करतो, तरी आपणही पाहावी. पॅड बदलतांना आंतील पिस्टन मागें ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दाबास पाय थेट तळाला जातो. गाडी जागेवरून हलविण्यापूर्वींच पाय घट्ट लागेपर्यंत ब्रेक पांच-सात वेळां दाबावा आणि टाकींतील ब्रेक-ऑइलची पातळी पाहावी.

पुढल्या पौर्णिमेस काकूंनीं पुन्हां माहूरचा विषय काढला. ह्या खेपेस बंधूंनीं गड उतरतांना दुसरा गिअर सोडला नाहीं, आणि काकू वळणावळणांत स्वस्थ झोपल्या होत्या.