सामाईक ऑनलाइन शिक्षण यंत्रणेबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

विषय : सातारा व सांगली जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांसाठी सामाईक ऑनलाइन शिक्षण यंत्रणा उभारण्याबाबत.

महोदय,

आम्ही या दोन जिल्ह्यांतील ग्रामीण महाविद्यालयांचे प्राध्यापक व विद्यार्थी खालील निवेदन सादर करीत आहोत.

आमच्याकडे ऑनलाइन शिक्षण म्हणजे बहुतेकदा व्हॉट्सअॅप गटावरची पीडीएफ, नाहीतर प्राध्यापकांच्या खासगी खात्यावरची गुगल क्लासरूम. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची मुदत संपली की त्यांची टिपणे, चित्रफिती आणि प्रश्नसंचही त्या खात्याबरोबर जातात. नव्या वर्षी येणारे प्राध्यापक तेच काम पुन्हा पहिल्यापासून करतात. वास्तविक जत असो, आटपाडी, दहिवडी वा पाटण; विद्यापीठाचा अभ्यासक्रम एकच आहे. मग एकदा उत्तम तयार झालेला पाठ सर्वांना का मिळू नये?

२००२ पासून जगभर वापरात असलेली ‘मूडल’ ही ऑनलाइन शिक्षणाची मुक्तस्रोत प्रणाली परवाना शुल्काविना मिळते. खर्च येतो तो सर्व्हरचा, देखभालीचा आणि जाणकार माणसाचा. तो एकट्या लहान महाविद्यालयाला पेलत नाही. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी एकट्याला न परवडणारे पंप आणि पाइपलाइन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढून उभे केले. शिक्षणातही तोच मार्ग आहे. ‘एन-लिस्ट’ योजनेमुळे छोट्या महाविद्यालयांना ई-ग्रंथ व नियतकालिके सामाईकपणे मिळतात, हा अनुभव आपल्यासमोर आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून करता येतात, पण यंत्रणा आणि मार्गदर्शन नसेल तर ही सवलत खेड्यातल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. विद्यापीठाच्या सर्व्हरवर सामाईक मूडल उभारून प्रत्येक महाविद्यालयाला त्यावर स्वतंत्र विभाग द्यावा. विद्यार्थ्यांवर शुल्क लादू नये.

२. विषयवार सामाईक पाठसंग्रह मराठी व इंग्रजीत तयार करावा. प्रत्येक पाठावर तो तयार करणाऱ्या प्राध्यापकाचे नाव राहावे आणि इतरांना तो सुधारून वापरण्याची मुभा असावी.

३. पाठनिर्मिती कार्यभारात धरावी. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना त्याचे स्वतंत्र मानधन द्यावे.

४. प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयांसाठी मिळून एक तंत्रसहायक नेमावा.

५. पाठ कमी डेटात उतरवून घेता यावेत व नेटशिवाय वाचता यावेत. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांना जवळच्या कोणत्याही संलग्न महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा खुली असावी.

६. प्राचार्य, प्राध्यापक व विद्यार्थी यांची समिती ३० दिवसांत नेमून येत्या शैक्षणिक वर्षापासून जत, आटपाडी, माण व पाटण तालुक्यांत प्रारंभ करावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती शिक्षण गरिबाच्या दारात नेण्यासाठी. त्याच भूमीतील विद्यार्थी केवळ तालुका दूरचा म्हणून मागे राहू नयेत. आपण शिष्टमंडळाला भेटीची वेळ देऊन लेखी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील ग्रामीण महाविद्यालयांचे प्राध्यापक व विद्यार्थी

प्रत माहितीसाठी : मा. सहसंचालक, उच्च शिक्षण, कोल्हापूर विभाग