रूपविकारी ताऱ्यांचा माग

आकाशगंगेच्या तबकडीभोवती जुन्या, विखुरलेल्या ताऱ्यांचे विशाल प्रभामंडल आहे. तिथली अंतरे मोजायला ‘आरआर लायरी’ जातीचे रूपविकारी तारे उपयोगी पडतात. एका दिवसापेक्षाही कमी वेळात ते फुगतात, आकसतात आणि त्यांचा प्रकाश कमी-जास्त होतो. या लयीमुळे ते ओळखू येतात. त्यांचे मूळ तेज ठाऊक असल्याने ते किती मंद दिसतात, यावरून अंतर काढता येते.

असे हजारो तारे नकाशावर मांडल्यावर प्रभामंडल एकसारखे नसल्याचे दिसले. धनू राशीच्या दिशेला १९९४ मध्ये सापडलेली एक बटू दीर्घिका आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने विस्कटते आहे. तिच्या ताऱ्यांचे पट्टे आपल्या आकाशगंगेला वेढून आहेत. त्यांच्या वळणांवरून अदृश्य कृष्णद्रव्याचाही अंदाज बांधता येतो.

‘गाया’ यानाच्या २०२२ च्या यादीत असे सुमारे २ लाख ७० हजार तारे आहेत. एकाच छायाचित्रावरून ते खात्रीने ओळखता आले नसते. तेच आकाश वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा टिपावे लागले. २०२५ मध्ये ‘गाया’ बंद झाले. चिलीतील रुबिन वेधशाळेची नियोजित पाहणी दहा वर्षांची आहे. झटपट निष्कर्षांचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: अशा चिकाटीच्या कामाला निधीइतकाच वेळही द्यावा लागतो.