मनोहर-मनसंतोषला निघालेल्यांनो, आधी उतरण्याचं ठरवा

आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातल्या सर्व गडप्रेमी तरुण-तरुणींना आणि त्यांच्या पालकांना तातडीचं आवाहन.

डिसेंबरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर एकच बेत शिजतोय : पहाटे आजऱ्यातून गाड्या काढायच्या, आंबोलीचा घाट उतरून शिरशिंगे गाठायचं, मनोहरगड आणि मनसंतोषगड एका दमात मारायचे आणि रात्री जेवायला घरी. हा बेत आजच बदला. गडावर जरूर जा. पण तीन दिवस काढून जा.

दोन्ही गड शेजारी आहेत, मध्ये फक्त एक खिंड. त्यामुळे खालून बघताना वाटतं, एक झाला की दुसरा झालाच. पण दोघांचा स्वभाव वेगळा. मनोहरगड धडधाकट माणसाला वाटाड्याबरोबर करता येतो. आग्र्याहून सुटून आल्यावर, 1667 च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज इथे महिनाभर मुक्कामाला होते. मनसंतोषला मात्र आज धड वाट नाही. 1844 साली गडकऱ्यांचं बंड पेटलं ते आपल्या गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर. त्याची धग इथवर पोचली, 1845 च्या सुरुवातीला इंग्रजांनी हे गड घेतले आणि पुन्हा कुणी आसरा घेऊ नये म्हणून मनसंतोषच्या पायऱ्या मोडून टाकल्या. त्या मोडलेल्या जागी आज उघडा कडा आहे आणि तिथे दोर लागतो.

धोका चढण्यापेक्षा उतरण्यात जास्त आहे. चढताना खाच डोळ्यांसमोर असते, हात आधी पोचतो. उतरताना पाय आंधळेपणाने खाच शोधतो, मांड्या थरथरत असतात, बाटली रिकामी झालेली असते. वर गेलेला माणूस तिथेच अडकतो. एकदा आमचीही अशीच फजिती झाली. सकाळी वाटेत फोटो काढण्यात दोन तास घालवले आणि अंधार पडला तेव्हा आम्ही खिंडीतच होतो. पाच जणांत बॅटऱ्या दोन. गावातल्या माणसांनी खालून हाका मारत वाट दाखवली म्हणून उतरलो. तेव्हापासून परत फिरायची वेळ मी घरूनच ठरवून निघतो.

म्हणून बेत असा आखा :

पहिला दिवस : दुपारपर्यंत पायथ्याच्या गावात पोचा. गावकऱ्यांना भेटा, वाट सध्या कशी आहे ते विचारा, वाटाड्या ठरवा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. मुक्काम गावातच करा. आंबोलीच्या या रानात गवे आहेत, अंधारात गाड्या दामटू नका.

दुसरा दिवस : फक्त मनोहरगड. तिथून मनसंतोषचा कडा नीट न्याहाळा. कुणाला जमेल, कुणाला नाही, हे संध्याकाळी सगळ्यांसमोर मोकळेपणी बोला. 'मी खाली थांबतो' म्हणणाऱ्याची टिंगल करू नका.

तिसरा दिवस : मनसंतोष. प्रस्तरारोहणाचं प्रशिक्षण घेतलेला नेता, दोर, हार्नेस आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असेल तरच. एक जण दोरावर असताना बाकीच्यांनी कड्याखालून बाजूला उभं राहायचं. सुटलेला दगड नाव विचारून येत नाही. आधीच्या कुणी सोडलेल्या जुन्या दोराला हात लावू नका. बारा वाजता जिथे असाल तिथून परत फिरा, माथा हाकेच्या अंतरावर असला तरी. या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

आणखी तीन गोष्टी. माणशी किमान चार लिटर पाणी घ्या, गडावर मिळेल या भरवशावर राहू नका. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथूनच मागे फिरा. जवळपास धूर, अत्तर, आरडाओरडा नको. आणि वाळलेल्या गवतावरून, घसाऱ्यावरून गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास सटकतात, ते घरीच ठेवा.

आई-वडिलांनो, पोरांना अडवू नका, पण एक कागद मागा. त्यावर सगळ्यांची नावं, रक्तगट, गाड्यांचे नंबर, वाटाड्याचा फोन आणि परतण्याची वेळ असू द्या. डोंगरात रेंज मिळेलच असं नाही. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही, तर वाट न बघता 112 वर कळवा. कुणी जखमी असेल तर 108. पोरं रागावतील म्हणून थांबू नका.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनाही विनंती. वीस जणांना एका दोरावर आणि एका नेत्याच्या भरवशावर मनसंतोषला नेऊ नका. नेता नसेल तर जाहिरातीतून मनसंतोषचं नाव काढा. एकटा मनोहरगडही दोन दिवसांना पुरून उरतो.

निघताना आपण घरी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. या सुट्टीत तो शब्द पाळायचा आहे. ज्यांचा बेत ठरला आहे त्यांनी आज संध्याकाळीच एकत्र बसा, वरचा कागद भरा आणि दोर कोण सांभाळणार ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर यंदा मनसंतोष खिंडीतूनच बघून परत या.

– आजऱ्यातला एक जुना गडभटक्या