उलटा बोलणारा मीटर

तुमच्या स्मार्ट मीटरवर टेलिफोनच्या सॉकेटसारखा एक ‘पी-वन’ पोर्ट आहे. जुने मीटर त्यावर दर 10 सेकंदांनी, नवे दर सेकंदाला घरच्या विजेचा हिशोब सांगतात. फुकट!

तो ऐकायला छोटासा ईएसपी32 बोर्ड पुरतो. सीरियल पोर्ट, म्हणजे युआर्ट, त्या चिपच्या पोटातच असतो. त्याला वेग 115200, 8 बिट, पॅरिटी नाही, असं सांगायचं. तरी स्क्रीनवर कचराच येतो, कारण मीटर सिग्नल उलटा पाठवतो: 1 च्या जागी 0. रास्पबेरी पायच्या युआर्टला हे सुलटं करता येत नाही, तिथे ट्रान्झिस्टर जोडावा लागतो. ईएसपी32 ला सेटिंगमध्ये ‘आरएक्स उलटा’ एवढी एक ओळ पुरते. म्हणून माझं मत त्यालाच. डेटाच्या तारेला 3.3 व्होल्टचा पुल-अप रेझिस्टर मात्र हवा, आणि दुसऱ्या पिनेला 5 व्होल्ट दिल्याशिवाय मीटर तोंड उघडत नाही.

मग आकडे दिसतात. 1.7.0 म्हणजे आत्ता घेतोय ती वीज, 2.7.0 म्हणजे छतावरच्या पॅनलची परत जाणारी. 1 जानेवारी 2027 पासून ‘साल्डेरिंग’ बंद. दुपारी दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होणार नाही. त्यामुळे युट्रेख्टमधल्या आमच्या घरी 2.7.0 दीड किलोवॉटवर गेला की इंडक्शनवर कढई चढते. इथलं ऑक्टोबरातलं ऊन बघता फराळ तीन-चार दिवस चालतो. पुण्याहून आई विचारते, “अगं, चकल्या मीटरला विचारून तळतेस?”